आमच्या शेतातली भरती

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलं, तेही स्वतःला जरा बरं दाखवून. आता निवृत्त झालोय, कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही, तर म्हटलं सगळं सांगून टाकावं. एवढं धाडस तेव्हा असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

नव्वदीचं दशक निम्मं उलटलं होतं. शहापूरच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवत होतो. कायम नव्हतो. दर जूनला नवं पत्र मिळायचं, मार्च-एप्रिलला ते संपायचं, आणि दोन महिने मी मुरबाडजवळच्या आमच्या गावात बांधावर बसून पुढच्या पत्राची वाट बघायचो. लग्न झालेलं, एक मुलगी झालेली. गावात सगळे मला प्रोफेसर म्हणायचे आणि त्यातले निम्मे तरी खवचटपणे म्हणायचे.

त्या वर्षी आमच्याकडे फिनलंडहून एक बाई आल्या. पन्नाशीला टेकलेल्या, उंच, केस कापलेले, पायात कायम जाड बूट. भाताच्या शेतीवर त्यांचा अभ्यास होता. विद्यापीठा-विद्यापीठांत काहीतरी करार होता, त्याप्रमाणे त्या वर्षभर राहणार, पाड्यापाड्यांवर हिंडणार आणि बदल्यात आठवड्याला चार तास शिकवणार. आमची मुलं मराठीतून शिकणारी, बाईंना मराठीचा गंध नाही. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं की तुम्ही यांच्याबरोबर राहा, त्या बोलतील ते मुलांना मराठीत सांगा. वर हसून म्हणाले, यांची गैरसोय झाली तर तुमची होईल. जानेवारीत कायम नेमणुकीच्या मुलाखती होत्या. मी मान डोलावली.

पहिल्याच तासाला गंमत झाली. बाई वर्गात शिरल्या, मुलं उठून उभी राहिली. बाईंना वाटलं मुलं निघाली. त्या दारातच थबकल्या, मग काय वाटलं कुणास ठाऊक, फळ्याशी जाऊन बोलायला लागल्या. बसा म्हणायचं असतं हे त्यांना माहीत नाही, आणि म्हटल्याशिवाय बसायचं नसतं हे मुलांना चांगलं माहीत. पाच मिनिटं तीस-बत्तीस मुलं उभी आणि बाई त्यांना जमिनीचे प्रकार सांगतायत. शेवटी मीच हात खाली केला तेव्हा बाकं वाजली. बाईंनी नंतर मला विचारलं की ही मुलं कशाचा निषेध करत होती.

त्यांचं असं बरंच व्हायचं. चहा पिऊन झाला की कप स्वतः विसळायच्या. त्यावरून आमचा शिपाई प्राचार्यांकडे गेला, की माझ्या कामात मॅडमला काय खोट दिसली. हजेरीच्या मस्टरवर सही करायला सांगितलं की म्हणायच्या, मी तुमच्या समोर उभी आहे ना. कुणीतरी गेल्याची बातमी आली आणि कॉलेज सोडून दिलं, तर बाई रिकाम्या वर्गात तासभर बसून होत्या. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, कारण ते न कळवता कळतं अशी आमची समजूत. विभागाला तालुक्याचा मोठा नकाशा हवा म्हणून त्या रोज विचारायच्या आणि रोज त्यांना उद्या मिळेल असं सांगितलं जायचं. महिनाभरानं मला म्हणाल्या, नकाशा नाही असं कुणी मला का सांगत नाही? मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. त्यावर त्या इतका वेळ गप्प राहिल्या की मला वाटलं रागावल्या. तसं नव्हतं. त्यांच्याकडे माणसं बोलण्याआधी विचार करतात. आमच्याकडे ती सवय नाही, निदान मला तरी नव्हती.

वर्गातही तेच. बाई प्रश्न विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. एक मिनिट, दोन मिनिटं. मुलं घाबरून वहीत तोंड खुपसायची. मला ती शांतता सोसायची नाही, मग मुलांच्या वतीनं मीच इंग्रजीत काहीतरी ठोकून द्यायचो. उलटही करायचो. बाई एखाद्याला म्हणाल्या की तुझं बोलणं निरर्थक आहे, तर मी सांगायचो, मॅडम म्हणतायत अजून थोडा विचार कर. दोन्हीकडून टोकं घासून गुळगुळीत करून मी माल पोचवायचो. बाई खूश, मुलं खूश, प्राचार्य खूश. मलाही वाटायचं, आपल्याला जमतंय.

त्या वर्गात एक मुलगी होती. खर्डीच्या पलीकडच्या एका वस्तीतली. वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा, घरात कॉलेजचं तोंड बघणारी ही पहिली. वडील कल्याणला कामाला जात, आई आणि ही मिळून थोडी शेती बघत. मुलगी पहिल्या बाकावर बसायची, अक्षर असं की छापल्यासारखं. बाईंच्या शांततेला न घाबरणारी वर्गात ती एकटीच. एकदा तिनं उत्तर दिलं होतं, मराठीतच, माझ्याकडे न बघता थेट बाईंकडे बघून. बाईंना शब्द कळला नाही तरी त्या तिच्याकडे बघून हसल्या होत्या.

दिवाळीनंतर बाईंनी सांगितलं की उन्हाळ्यात पाड्यांवर फिरायला त्यांना एक विद्यार्थी बरोबर हवाय. जो चांगलं काम करेल त्याला त्या पत्र देणार, मुंबईत एम.ए.ला प्रवेश आणि वसतिगृह मिळायला ते पत्र उपयोगी पडणार. ती मुलगी मला व्हरांड्यात येऊन भेटली. म्हणाली, "सर, बाबा म्हणतात मॅडमचं पत्र असंल तर जा, नायतर या वैशाखात उरकून टाकू. तुमी मॅडमला माझं नाव सांगाल?" मी म्हटलं, सांगतो की. आणि खरंच सांगणार होतो.

कोण निवडायचा ते ठरवायला बाईंनी एक चाचणी घेतली. प्रश्न एकच. मी तो फळ्यावर मराठीत लिहिला: तुमच्या गावात भात कसे पिकवतात ते सविस्तर लिहा. सोपा प्रश्न. वर्गातल्या बहुतेकांचे हात जून-जुलैत चिखलातच असत.

दुसऱ्या दिवशी विभागात गेलो तर बाईंनी सगळ्या उत्तरपत्रिका टेबलावर, खिडकीत, जमिनीवर मांडून ठेवलेल्या. एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यांना, पण डोळे होते. म्हणाल्या, बघ, प्रत्येकाची तिसरी ओळ सारखी आहे. इथे सगळ्यांनी एकाच शब्दाखाली रेघ मारलीय. हे काय लिहिलंय, मला वाचून दाखव.

मी एक पेपर उचलला आणि वाचत इंग्रजी करायला लागलो. चौथ्या वाक्याला मी अडखळलो. 'भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून शेतकरी समुद्राच्या बाजूने बांध घालतात.'

बाईंनी विचारलं, समुद्र कुठाय?

समुद्र कुठला आणि काय कुठला. शहापुरात उभं राहून बघितलं तर सगळीकडे डोंगर दिसतात. ते वाक्य माझं होतं. 'कोकणातील भातशेती' या नावाखाली दर वर्षी ऑगस्टात मी ते वर्गाला सांगत असे, सावकाश, दोनदा, स्वल्पविरामासकट, आणि मुलं माना खाली घालून उतरवून घेत. आमच्याकडे शिकवणं म्हणजे हेच. माझंही नव्हतं ते खरं तर. मी कॉलेजात असताना माझ्या सरांनी मला ते असंच सांगितलं होतं, ते किनाऱ्याकडचे, त्यांच्या गावी भरती येत असेल. मी मुरबाडचा. उन्हाळ्यात ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडून, शेण आणि पातेरा म्हणजे वाळका पाला पसरून, वर माती टाकून राब भाजायचा, मग पावसावर त्या राखेत पेरायचं, हे मी लहानपणापासून केलेलं. तरी परीक्षेत मी भरतीच लिहिली होती आणि पहिल्या वर्गात पास झालो होतो. पुढं मुलांना तीच सांगितली. एकदासुद्धा मनात आलं नाही की हे आपल्याकडचं नाही.

हे बाईंना सांगायला दोन वाक्यं पुरली असती. या माझ्या नोट्स आहेत, मुलांनी पाठ केल्यात. बस. पण मुलाखत तीन आठवड्यांवर आलेली आणि समितीनं बाईंचा अभिप्राय मागवलेला. हा माणूस स्वतःच्या तालुक्यात समुद्र शिकवतो असं त्यांनी लिहिलं असतं तर?

बाई म्हणाल्या, यांनी एकमेकांचं बघून लिहिलंय का?

मी म्हटलं, हो, तसंच दिसतंय.

मूळ कुणाचं, त्यांनी विचारलं.

मी वाकून गठ्ठ्यातून त्या मुलीचा पेपर काढला. म्हटलं, हिचा असावा. हुशार आहे. बाकीच्यांनी हिचं बघितलं असेल.

मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो की मी तिचं भलंच करायला गेलो. आमच्यात जो बघून लिहितो त्याला फटके, ज्याचं बघतात तो हुशार. तिचं नाव मूळ म्हणून सांगितलं की ती सुटणार, वर बाईंच्या नजरेत भरणार, असा माझा हिशोब. हे खोटं नाही. पण पुरतंही खरं नाही. दुसरा हुशार मुलगा होता वर्गात, त्याचा मामा संस्थेच्या समितीवर होता. तिसरा माझ्या भावकीतला. त्यांची नावं माझ्या तोंडून निघाली नाहीत. हिच्या वस्तीतलं कुणी कॉलेजात येऊन जाब विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी मुद्दाम तसा विचार केला नाही. करावाच लागला नाही, हात आपोआप तिच्याच पेपरावर गेला. याची लाज मला सगळ्यांत जास्त वाटते.

बाईंचा कायदा वेगळा निघाला. त्यांच्या देशात उत्तर देणारा आणि घेणारा दोघे सारखेच दोषी, देणारा कांकणभर अधिकच, कारण तो सगळ्यांना बिघडवतो. त्यांनी तिला बोलावून घेतलं. टेबलाच्या एका बाजूला बाई, एका बाजूला ती, मध्ये मी.

बाईंनी विचारलं, तू तुझं उत्तर इतरांना दाखवलंस का? मी मराठीत विचारलं.

तिनं बाईंकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असणार, आता सर सांगतील. "सर..." म्हणाली आणि थांबली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाई नेहमीसारख्या वाट बघत राहिल्या. एरवी मी अशी शांतता मोडायला धावायचो. त्या दिवशी नाही धावलो.

मग ती म्हणाली, "चुकलं, मॅडम."

मी इंग्रजीत सांगितलं, ती म्हणते तिची चूक झाली. वर्षभरात टोकं न घासता, शब्दाला शब्द, तेवढं एकच भाषांतर मी केलं.

बाईंनी प्राचार्यांपर्यंत काही नेलं नाही. सगळ्यांना शून्य दिलं, विषय मिटवला. उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर प्राचार्यांनी सुचवलेला तो समितीवाल्यांचा भाचा हिंडला. मुलगी शेवटची परीक्षा देऊन गेली ती पुन्हा दिसली नाही. वैशाखात तिचं लग्न झाल्याचं कुणीतरी सांगितलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, फक्त इथं चोराला वर नोकरीही मिळाली. बाईंनी माझ्याबद्दल लिहिलेलं पत्र मुलाखतीत मोठ्यानं वाचलं गेलं. त्यात त्यांनी मला प्रामाणिक म्हटलं होतं. मी कायम झालो, गावात पेढे वाटले.

दहा-बारा वर्षांनी बाई पुन्हा आल्या. केस पांढरे, बूट तसेच. आणि मराठी बोलत आल्या. अडखळत, पण चांगली, जोडाक्षरं सगळी सांभाळून. या वेळी त्या दुसऱ्या एका जिल्ह्यात काम करत होत्या, मला भेटायला म्हणून शहापूरला आल्या. मी तोवर विभागप्रमुख झालो होतो. चहा झाला. कप त्यांनी टेबलावर तसाच ठेवला, शिपायासाठी. तेवढं त्या शिकल्या होत्या.

मग म्हणाल्या, मी एका कॉलेजात मागच्या बाकावर बसले होते. शिक्षक सांगत होते, मुलं लिहीत होती. पूर्ण तास. तेव्हा मला ते पेपर आठवले. "त्यांनी बघून लिहिलं नव्हतं. त्यांना कुणीतरी सांगितलेलं पाठ होतं. मी त्या मुलीला विनाकारण शिक्षा केली. मला इथलं काही माहीत नव्हतं आणि मी न्याय करायला बसले."

कुणी सांगितलेलं, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा संशयच नव्हता. मी त्यांचा प्रामाणिक माणूस होतो ना. त्यांना तिची माफी मागायची होती, आणि तिला शोधून द्यायचं काम पुन्हा माझ्याकडे.

शोधायला दोन दिवस लागले. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्याच एका गावात तिला दिलेली. माझी एसटी रोज त्या गावावरून जायची. इतकी वर्षं. आम्ही शनिवारी दुपारी गेलो. ती अंगणात भात वाळवत होती. अंगानं भरलेली, पण चेहरा तोच. बाईंना तिनं लगेच ओळखलं, मग मला. पदर सावरून म्हणाली, सर या, मॅडम या. ओटीवर सतरंजी टाकली, पाणी आणलं. नवरा कारखान्यात पाळीला गेलेला, सासूबाई आत निजलेल्या, दोन मुलं खेळायला गेलेली.

बाईंनी बसल्या बसल्या मराठीत माफी मागितली. पाठ करून आल्या होत्या, सांगताना डोळे भरले. मी परकी होते, मला तुमची पद्धत माहीत नव्हती, तुमचं शिक्षण माझ्यामुळे थांबलं. ती खाली बघून ऐकत होती. मग म्हणाली, तुमी परक्या, मॅडम, तुमाला कसं ठाऊक असणार. परक्या हा शब्द ती जरा दाबून बोलली, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं. आता चहा येईल, आम्ही उठू, बाई हलक्या मनानं फिनलंडला जातील. कशाला उकरायचं?

तेवढ्यात आतल्या खोलीतून घोकण्याचा आवाज यायला लागला. मुलीचा आवाज, एका सुरात. तिची नणंद होती, आमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला. सोमवारी माझा पेपर. मी वर्गात तिला रोज बघत असणार, कुणाची कोण हे कधी विचारलं नव्हतं.

'भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून शेतकरी समुद्राच्या बाजूने...'

बाईंचा हात पेल्यावर थांबला. आता त्यांना मराठी येत होती.

ती घाईनं उठली आणि दाराशी जाऊन आत म्हणाली, "हळू वाच गो. सर आलेत."

इतक्या वर्षांनी, माझ्यापायी तिचं सगळं गेल्यावरही, ती मलाच झाकत होती. तिथं मात्र माझ्यानं राहवेना. मी बाईंना म्हटलं, "त्या माझ्या नोट्स आहेत."

बाईंनी नेहमीसारखा वेळ घेतला. मग विचारलं, "तेव्हाही?"

"तेव्हाही."

 बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. त्या मला शिव्या घालतील तर बरं असं वाटत होतं. मी दाराशी उभ्या असलेल्या तिच्याकडे वळून म्हटलं की मी तेव्हा बोलायला हवं होतं, मी भ्यालो, तुझं नाव मीच सांगितलं. वाक्य धड होत नव्हतं.

ती म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं, सर. तुमी खिडकीतून बाहेर बघाय लागलात तवाच."

मग म्हणाली, की समुद्र आपल्याकडं नाही हेही तेव्हा ठाऊक होतं. आदल्याच उन्हाळ्यात राब भाजताना हात पोळला होता, त्या हातानं भरती लिहिली. सरांनी सांगितलंय तर तेच बरोबर धरतील, असं वाटलं. यात तक्रारीचा सूर नव्हता, त्यामुळे मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नणंद वही घेऊन बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलेलं दिसत होतं, पण तिची काळजी वेगळी. वही माझ्यापुढं धरून म्हणाली, सर, हे खोडू का? मी म्हटलं, खोड. वहिनी सांगतील तसं लिही.

तिनं खोडलं, आणि ओटीच्या कडेला बसून वर बघितलं. वहिनी आधी नको म्हणाली, मला कुठं आता जमतंय म्हणाली. मग सांगायला लागली. फाल्गुनात कवळं, म्हणजे राबासाठीच्या डहाळ्या, तोडायची. शेण कुठलं, पातेरा किती, माती का टाकायची, आग वाऱ्याच्या उलट बाजूनं का लावायची. वर्गात बोलायची तसंच, न अडखळता. बाईंनी पिशवीतून आपली वही काढली आणि त्याही उतरवून घेऊ लागल्या. दोघींच्या माना खाली. मी नुसता ऐकत बसलो होतो.

पान भरल्यावर नणंदेनं पेन थांबवलं. म्हणाली, "पण सर, सोमवारी पेपरात कुठलं लिहू? तपासणाऱ्यांकडं तर तुमचं उत्तर असंल."

खरंच होतं ते. उत्तरांचा नमुना मीच लिहून दिला होता, आणि पेपर दुसऱ्या कॉलेजात तपासायला जाणार होते. राब लिहिणाऱ्याला तिथं कोण मार्क देणार? 

वहिनीच बोलली. वाळत घातलेलं भात हातानं चाळता चाळता, माझ्याकडे न बघता.

"तू हेच लिव. या खेपेला सर बोलतील."

मग तिनं नणंदेला आत चहा टाकायला सांगितला, आणि सर बिनसाखरेचा घेतात का ते आधी विचार म्हणाली.